जंगलातला डबा शोधायला चला! जिओकॅशिंगला निघण्याआधी एवढं वाचा

आजीच्या गोष्टीतलं गुप्तधन आठवतंय? ते नेहमी एखाद्या जुन्या वडाखाली नाहीतर पडक्या वाड्यात दडलेलं असायचं. तिथवर पोहोचायला एक बीजक लागायचं. बीजक म्हणजे कोड्यात लिहिलेला पत्ता. ज्याला तो उलगडला, त्याचं धन!

आता हेच बीजक तुमच्या मोबाइलमध्ये आलंय. त्यात कोडं नसतं, फक्त अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे असतात. ते आकडे घेऊन तुम्ही घराबाहेर पडता, डोंगराची वाट चढता, झाडांच्या सावलीत थांबता, इकडेतिकडे बघता आणि एखाद्या मुळाच्या बेचक्यात कुणीतरी ठेवलेला छोटासा डबा सापडतो. आत सोनंनाणं नसतं. एक वही असते, तुमच्या आधी येऊन गेलेल्यांच्या सह्या असतात, फार तर एखादं खेळण्यातलं चाक किंवा परदेशी नाणं. तरीही डबा उघडताना आठ वर्षांच्या मुलाच्या आणि साठीतल्या आजोबांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो.

या खेळाचं नाव आहे जिओकॅशिंग. सुट्टीत मुलांना मोबाइलपासून दूर कसं न्यायचं, या प्रश्नाने तुम्ही हैराण असाल, तर हा खेळ तुमच्यासाठीच आहे, कारण इथे मोबाइलच मुलांना घराबाहेर काढतो. पण तुम्ही सह्याद्रीसारख्या दाट, दमट जंगलात जाणार असाल, तर नियम थोडे वेगळे आहेत. ते समजून घेऊनच निघा.

एका बादलीपासून सुरुवात

जीपीएस ही अमेरिकेने आपल्या लष्करासाठी उभारलेली यंत्रणा. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे तुमची जागा शंभरेक मीटर इकडची तिकडे दिसायची. २ मे २००० रोजी ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्यात आली आणि जगभरातली जीपीएस यंत्रं रातोरात कित्येक पटींनी अचूक झाली.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या संगणक अभियंत्याने या नव्या अचूकतेची परीक्षा घ्यायचं ठरवलं. बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत त्याने एक काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, काही सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाबंद टिनही होता. मग त्याने त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले आणि नियम सांगितला: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांच्या आत लोक तिथे पोहोचलेसुद्धा! सगळ्यात आधी पोहोचला माइक टीग.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात या खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळालं आणि सप्टेंबरमध्ये त्याचं संकेतस्थळ सुरू झालं. यातला ‘कॅश’ म्हणजे रोख पैसे नव्हेत बरं का! उच्चार सारखा असला तरी हा शब्द वेगळा आहे. फ्रेंच भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ लपवून ठेवलेला साठा. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त साठे नोंदलेले आहेत. एक तर चक्क आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आहे. २००८ मध्ये तिथे गेलेल्या रिचर्ड गॅरियटने तो नोंदवला.

खेळ चालतो कसा?

सुरुवात सोपी आहे. जिओकॅशिंगचं ॲप मोबाइलवर घ्या आणि खातं उघडा. साधं खातं मोफत असतं. नकाशावर तुमच्या आसपासचे डबे दिसतील. प्रत्येकाच्या पानावर त्याची जागा, आकार, एखादा इशारा आणि आधीच्या लोकांचे अनुभव असतात.

प्रत्येक डब्याला दोन गुण दिलेले असतात, १ ते ५ या मापात. पहिला गुण सांगतो की डबा शोधायला किती अवघड आहे. दुसरा सांगतो की तिथवरची वाट किती कठीण आहे. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन निघाला असाल, तर दोन्ही गुण २ च्या आत असलेला डबाच निवडा. वाटेचा गुण ५ असेल, तर तिथे दोर, होडी असं खास साधन लागू शकतं. तो आपला प्रांत नाही.

डब्यांचे प्रकारही बरेच आहेत.

- साधा डबा: दिलेल्या आकड्यांवर जा, शोधा, सही करा.
- टप्प्यांचा डबा: एका जागी पुढच्या जागेचा पत्ता मिळतो, तिथे त्याच्या पुढचा.
- कोड्याचा डबा: आधी घरी बसून कोडं सोडवा, मगच आकडे हाती येतात.
- अर्थकॅश: इथे डबाच नसतो. तुम्ही एखादा खडक, कडा किंवा झरा बघायचा आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची.

डबा सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहा. एखादी वस्तू घेतलीत, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. मग डबा होता तिथे, होता तसाच ठेवून द्या. आणि हो, हे सगळं जवळून जाणाऱ्यांचं लक्ष वेधून न घेता करायचं असतं. खेळ माहीत नसलेल्यांना हे खेळाडू गंमतीने ‘मगल’ म्हणतात. हॅरी पॉटर वाचलेली तुमची मुलं याचा अर्थ तुम्हाला लगेच सांगतील.

आकडे वाचताना घोटाळा नको

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत आकडे टाकताना होते. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि मिनिटांत लिहितात, उदाहरणार्थ १८ अंश ५९.२०० मिनिटं उत्तर. मोबाइलमधले बरेचसे नकाशे मात्र फक्त अंश आणि त्यांचा दशांश वापरतात. घाईत तुम्ही हाच आकडा १८.५९२०० असा टाकलात, तर काय होईल?

एका अंशात ६० मिनिटं असतात. म्हणून ५९.२ मिनिटं म्हणजे जवळजवळ एक अंश. बरोबर आकडा होतो १८.९८६६७. दोन्हींत फरक साधारण ०.३९५ अंशांचा, म्हणजे जमिनीवर जवळजवळ ४४ किलोमीटर! तुम्ही निघालात माथेरानला आणि मोबाइल तुम्हाला पाठवतोय थेट पालीच्या आसपास.

मुलांसाठी हे उत्तम गणित आहे. सहावी-सातवीतल्या मुलाला ‘मिनिटांना ६० ने भाग’ एवढं सांगा आणि निघण्याआधी आकडे त्यालाच तपासू द्या. पुस्तकातले अक्षांश-रेखांश पाठ करणं आणि त्यांच्या भरवशावर डोंगरात जाणं, यातला फरक त्याला लगेच कळेल.

झाडांखाली जीपीएस का चुकतं?

जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून साधारण २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. तुमची जागा ठरवायला मोबाइलला निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. मोकळ्या मैदानात चांगला मोबाइल तुमची जागा साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो.

जंगलात मात्र गणित बिघडतं. संकेत मुळातच क्षीण असतात. दाट पानं, त्यातही पावसाने ओली झालेली, ते आणखी क्षीण करतात. शेजारी उंच कडा असेल, तर संकेत त्याच्यावर आपटून वळसा घेऊन येतो आणि मोबाइलला अंतर चुकीचं वाटतं. मग २० मीटरचा फरक सहज पडतो. २० मीटर ऐकायला थोडे वाटतात, पण तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे बॅडमिंटनची सुमारे १५ कोर्टं! तेवढ्या झाडीत तुम्हाला कधीकधी अंगठ्याएवढी डबी शोधायची असते.

म्हणून अनुभवी खेळाडू शेवटच्या टप्प्यात वेगळं वागतात. जागेजवळ आल्यावर ते दोन मिनिटं शांत उभे राहतात, म्हणजे आकडा स्थिरावतो. शेवटच्या दहा मीटरवर मोबाइल खिशात ठेवून ते डोळ्यांनी शोधायला लागतात. लपवणाऱ्याच्या जागी आपण असतो, तर डबा कुठे ठेवला असता? नैसर्गिक वाटणार नाही असं काय दिसतंय? एकसारख्या रचलेल्या काटक्या, उगाच उभा ठेवलेला दगड? इथे मुलं मोठ्यांना हमखास हरवतात, कारण त्यांचे डोळे जमिनीजवळ असतात आणि त्यांना घाई नसते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जागा समजण्यासाठी मोबाइलला इंटरनेट लागत नाही, पण नकाशा दिसण्यासाठी लागतं. डोंगरात रेंज गेली की पडद्यावर नुसता निळा ठिपका उरतो. त्यामुळे त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घ्या.

बाण सरळ जातो, वाट नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. ॲपमधला बाण तुम्हाला डबा कोणत्या दिशेला आणि सरळ रेषेत किती लांब आहे, एवढंच सांगतो. मधे दरी आहे, कडा आहे की ओढा, हे त्या बाणाला माहीत नसतं. ‘डबा ६० मीटरवर’ असं दिसतं, तेव्हा ते ६० मीटर समोरच्या डोंगरावरचेही असू शकतात. तिथे जायची खरी वाट मागे वळून दीड किलोमीटरचा फेरा मारून जात असेल.

सह्याद्रीत हा धोका जास्तच आहे, कारण इथले कडे सरळसोट तुटलेले असतात. पावसाळ्यात त्यांच्या काठावरची माती भुसभुशीत होते आणि वर उंच गवत वाढतं. पाय कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते, ते दिसतच नाही. त्यातून नजर मोबाइलच्या पडद्यावर असेल, तर पुढे काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको.

म्हणून घरात एकच नियम करा आणि तो मुलांकडून वदवून घ्या: चालताना मोबाइल बघायचा नाही, मोबाइल बघताना चालायचं नाही. बाण वाटेबाहेर जायला सांगू लागला, तर वाटेवरच राहून पुढे जा. बहुतेक वेळा डबा वाटेपासून चार पावलांवरच असतो. तसा नसेल, तर तो सोडून द्या. जगात तीस लाख डबे आहेत, एक राहिला तर काही बिघडत नाही.

माथेरानची एक फेरी

हे सगळं प्रत्यक्षात कसं करायचं, ते समजायला माथेरानसारखी जागा नाही. साधारण ८०० मीटर उंचीवरचं हे ‘माथ्यावरचं रान’. १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले आणि थंड हवेचं ठिकाण म्हणून ते नावारूपाला आलं. १९०७ मध्ये नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे सुरू झाली. २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. खासगी गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तिथून पुढे चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने जायचं. भरधाव गाड्यांची भीती नाही, वाटा झाडांच्या सावलीतल्या आणि मळलेल्या. मुलांना घेऊन पहिल्यांदा जंगलात चालायला आणखी काय हवं?

तुम्ही जाल तेव्हा तिथे ॲपमध्ये नोंदलेला डबा असेल किंवा नसेल. नसला तरी अडत नाही. काहीही मागे न ठेवता तुम्ही घरच्यांसाठी स्वतःची शोधयात्रा आखू शकता. नकाशावरून चार-पाच ठिकाणांचे आकडे लिहून घ्या, प्रत्येक ठिकाणासाठी एक प्रश्न तयार करा आणि कागदाच्या चिठ्ठ्या करून मुलांच्या हाती द्या. उत्तर बरोबर आलं, तरच पुढची चिठ्ठी!

पहिला थांबा: माथेरान स्टेशन. प्रश्न: फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची किती लिहिली आहे? मोबाइल किती दाखवतो? दोन आकडे जुळणार नाहीत. जीपीएस उंची सांगताना जास्त चुकतं, हे मुलांना इथेच कळेल.

दुसरा थांबा: वाटेवरचा लाल दगड. माथेरानची वाट लाल का? वरचा थर जांभ्या दगडाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर साचून काळा कातळ तयार झाला. पुढे उन्हापावसाने त्याचा वरचा भाग झिजत गेला, बाकीची द्रव्यं वाहून गेली आणि लोह मागे उरलं. त्या लोहाचा गंज म्हणजे हा लाल रंग. मुलांना एका ठिकाणी लाल जांभा आणि दुसऱ्या ठिकाणी काळा कातळ शोधायला सांगा. झाला की तुमचा घरगुती अर्थकॅश!

तिसरा थांबा: शार्लोट लेक. गावाला पाणी पुरवणारा हा तलाव. जवळच पिसरनाथाचं जुनं देऊळ आहे. प्रश्न: तलावाचं पाणी कशामुळे अडलं आहे आणि ते जास्त झालं की कोणत्या बाजूने जाईल?

चौथा थांबा: एको पॉइंट. इथे कठड्याच्या आत उभं राहून एकदाच आवाज द्या आणि मोबाइलवर वेळ मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तो समोरच्या कड्यापर्यंत जाऊन परत येतो. म्हणजे प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर कडा १७० मीटरवर. दोन सेकंद लागले, तर ३४० मीटरवर. आता नकाशावर अंतर मोजा आणि ताडून बघा.

पाचवा थांबा: लुईझा पॉइंट. समोरच्या डोंगरांत प्रबळगड कोणता, ते नकाशा आणि दिशादर्शक वापरून ओळखा.

मग खरा डबा कुठे? तो तुमच्या हॉटेलच्या अंगणात, मालकाला विचारून लपवा. आत चिक्कीचं पाकीट ठेवलंत, तर शोधणाऱ्यांचा वेग दुप्पट होईल. फक्त तो माकडांच्या आधी सापडायला हवा! म्हणूनच खऱ्या जिओकॅशिंगमध्ये डब्यात खाण्याची वस्तू ठेवायला मनाई असते. वास आला की प्राणी डबा फोडतात.

हात घालण्याआधी काठी

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये लोक खुशाल झाडाच्या ढोलीत हात घालतात, दगड उचलून बघतात. आपल्याकडे ही सवय महागात पडेल. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर दगडांखाली फुरसं असू शकतं. हा साप लहान असतो, मातीच्या रंगाचा असतो, पण विषारी. झुडपांच्या फांद्यांवर हिरवा चापडा पानात पान होऊन बसलेला असतो. त्यामुळे नियम साधा ठेवा: जिथे दिसत नाही, तिथे हात नाही. आधी विजेरीचा झोत टाका, मग लांब काठीने हलवून बघा. दगड उचलायचाच असेल, तर मोठ्यांनीच काठीने आणि आपल्यापासून दूरच्या बाजूने उचलावा.

साप चावलाच, तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधूही नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला भाग कमीत कमी हलू द्या आणि लवकरात लवकर सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि देशभर कुठेही मदतीसाठी ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

आणखी दोन गोष्टी. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. तिथे धूर, आरडाओरडा आणि उग्र वासाचं अत्तर टाळा. आणि हिवाळ्यात वेलीवर तपकिरी, मखमली शेंगा लोंबताना दिसल्या, तर मुलांना हात लावू देऊ नका. ती खाजकुयली असते. तिची कुसं अंगाला लागली, तर उरलेली सहल खाजवण्यातच जाईल.

डबा कुठे ठेवायचा आणि कुठे नाही?

चार डबे शोधून झाले की आपणही एक लपवावा असं वाटतंच. जरूर लपवा, पण आधी हे वाचा.

खेळाचे जागतिक नियम स्पष्ट आहेत. डबा जमिनीत पुरायचा नाही, कशाचंही नुकसान करायचं नाही आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी घ्यायची. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं. डबा ठेवल्यावर तो नीट आहे ना, वही भिजली नाही ना, हे अधूनमधून जाऊन बघणं तुमची जबाबदारी असते. त्यामुळे सहलीला गेलेल्या दूरच्या गावी डबा ठेवून येणं नियमात बसत नाही. आणि सह्याद्रीच्या पावसात वही कोरडी ठेवायची, तर हवाबंद डबा आणि आत प्लास्टिकची पिशवी असा दुहेरी बंदोबस्त लागतोच.

आपल्या देशात आणखी भान ठेवावं लागतं. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. तिथे प्रवेशालाच परवानगी लागते. वन विभागाने लेखी होकार दिल्याशिवाय तिथे काहीही ठेवू नका. रेल्वे स्थानकं, धरणं, विमानतळ, लष्करी भाग, देवळं आणि गर्दीच्या जागा यांच्या आसपास तर बेवारस डबा अजिबात नको. लोक घाबरतील, पोलीस येतील आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसेल. डबा पारदर्शक ठेवा, त्यावर ‘हा खेळातला डबा आहे’ असं मराठीत, हिंदीत आणि तिथल्या स्थानिक भाषेत लिहा.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनाही एक गोष्ट आवर्जून सांगा. तिकडे डोंगरात फिरणारे काही जण उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं वापरतात. भारतात अशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. त्यावरून विमानतळांवर पर्यटकांना अडवलं गेलेलं आहे. या खेळाला साधा मोबाइल पुरतो.

जंगलाचाही विचार करा. एका डब्यासाठी पन्नास जण वाट सोडून झाडीत शिरले, तर तिथे नवी पायवाट पडते, रोपं तुडवली जातात, पावसाळ्यात तिथूनच माती वाहून जाते. म्हणून डबा मळलेल्या वाटेला लागूनच हवा. या खेळाची एक छान प्रथाही आहे: डबा शोधायला जा आणि येताना वाटेवरचा कचरा उचलून आणा. २००२ पासून जगभरात त्यासाठी खास मोहिमा होतात. मुलांच्या हाती एक पिशवी द्या आणि बघा, वेफर्सची पाकिटं शोधण्यातही त्यांची स्पर्धा लागेल.

घरातल्या प्रत्येकाला काम

हा खेळ कुटुंबाचा व्हायचा असेल, तर मोबाइल एकाच्याच हातात राहून चालणार नाही. कामं वाटून घ्या. एकाने दिशा सांगायची, एकाने वाट बघायची, एकाने वेळ सांभाळायची. सगळ्यात लहान मुलाला वहीत सही करायचा मान द्या. आजीला झाडं ओळखता येतात ना? मग तिच्याकडे जांभूळ, हिरडा, अंजन ओळखायचं काम. गावाकडे वाढलेल्या माणसांना जंगलातलं जे कळतं, ते कोणत्याही ॲपमध्ये नाही. नातवंडांनी बाण दाखवायचा आणि आजोबांनी ‘थांब, तिकडून वाट नाही’ म्हणायचं, अशी जोडी जमली की चुकण्याची शक्यता निम्मी होते.

वेळ सांभाळणाऱ्याचं काम सगळ्यात अवघड आहे. निघतानाच परतीची वेळ ठरवा. समजा, चार वाजता वळायचं. मग डबा दहा मीटरवर असला, मुलं रडकुंडीला आली, तरी चारला वळायचं. जंगलात अंधार मैदानापेक्षा लवकर होतो. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणता म्हणता वाट हरवते. न सापडलेल्या डब्यासाठी ॲपमध्ये ‘सापडला नाही’ अशी वेगळी नोंद करता येते. ती करायला लाजू नका. तुमच्या नोंदीमुळेच डबा हरवलाय का, हे ठेवणाऱ्याला कळतं. हरून परत येणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे, हे मुलांना शिकवायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

पिशवीत काय असावं?

- पूर्ण चार्ज केलेला मोबाइल आणि पॉवर बँक. जीपीएस बॅटरी भराभर संपवतं.
- उतरवून ठेवलेला नकाशा आणि कागदावर लिहिलेले आकडे.
- पेन आणि पेन्सिल दोन्ही. ओल्या कागदावर पेन रुसतं.
- विजेरी, काठी, शिटी. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिटी. चुकल्यास जागेवरच थांबून तीनदा वाजवायची.
- पाणी, सुका खाऊ, प्रथमोपचाराचं साहित्य.
- पूर्ण बाह्यांचे कपडे, घोटा झाकणारे बूट.
- अदलाबदलीसाठी छोट्या वस्तू: मणी, शंख, एखादं नाणं.
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.

आणि कुठे जाणार, कधी परतणार, हे घरी किंवा हॉटेलवर सांगूनच निघा.

पहिली फेरी कधी?

सह्याद्रीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यातलं हिरवं रान मोह घालतं, पण निसरडे कडे आणि धुकं बघता मुलांसोबतची पहिली फेरी तेव्हा नको.

तुम्ही इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळुरूला राहत असाल, तर सह्याद्रीची वाटही बघू नका. येत्या रविवारी जवळच्या बागेत सुरुवात करा. आकडे लिहा, तीन चिठ्ठ्या तयार करा, खाऊचा डबा शेजारच्या काकूंकडे ठेवायला द्या. आकडे वाचणं, थांबून बघणं आणि वेळेवर परतणं, या तीन सवयी बागेत अंगवळणी पडल्या की डोंगर तुम्हाला परका वाटणार नाही.

तर मग, घरातलं पहिलं बीजक कोण लिहिणार?